ज्या वॉर्डाची एक बाजू समुद्र आहे

पालिकेच्या पायरीवरून : वाचकांचे प्रश्न, एका माजी नगरसेविकेची उत्तरं

प्रश्न : ताई, माझं माहेर यावल तालुक्यातलं, सासर कोकणात, अगदी समुद्राला लागून असलेल्या गावात. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत मी इथल्या नगरपरिषदेवर निवडून आले. वॉर्डाच्या तीन बाजूंना वस्ती आहे आणि चौथ्या बाजूला पुळण. लोक रोज कामं सांगतात. बंधाऱ्याचे दगड वाहून गेले, जेट्टीवरचा दिवा बंद आहे, बाहेरचे ट्रॉलर आत येतात, पर्यटक बाटल्या टाकून जातात, शेजारच्या काकांना घर वाढवायचंय तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाची केंद्राची नियमावली, आडवी येते. यातलं माझं काय आणि दुसऱ्याचं काय, हेच कळत नाही. वरून दीर म्हणतात, केळीच्या बागेतून आलेल्या बाईला समुद्रातलं काय कळणार? सुरुवात कुठून करू?

पोरी, माहेरची आहेस म्हणून एकेरी बोलते. दिरांना सांग, आमची तापीसुद्धा शेवटी सुरतेजवळ समुद्रालाच मिळते. आता कामाचं.

माझ्या वॉर्डात समुद्र नव्हता. सकाळी दार उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा : ‘ताई, नळले पानी कव्हय येई?’ पण तुझी नगरपरिषद आणि आमची नगरपालिका एकाच कायद्यावर चालते, १९६५ च्या. सभा, ठराव, ठेका, मुख्याधिकारी सगळं तेच. आणि प्रशिक्षणाच्या वेळी कोकणातल्या ज्या नगरसेविकांशी ओळखी झाल्या, त्यांच्याशी अजून फोन चालतो. त्यांच्या तक्रारी ऐकून ऐकून तुमच्याकडचं दुखणं मला बऱ्यापैकी पाठ झालंय.

आधी वाटणी समजून घे. धूपप्रतिबंधक बंधारा पतन विभाग (म्हणजे बंदरांची बांधकामं बघणारं खातं) नाहीतर मेरीटाइम बोर्ड बांधतं. तुमची नगरपरिषद त्यावर दगडसुद्धा टाकू शकत नाही, कारण किनाऱ्यावर असं काही बांधायलाही सीआरझेडची मंजुरी लागते. जेट्टी, होड्यांची वाहतूक, किनाऱ्यावरचे पाण्यातले खेळ, हे मेरीटाइम बोर्डाकडे. गावातली जुनी माणसं त्याला अजून बंदर खातंच म्हणतात. ट्रॉलरचा विषय मत्स्यव्यवसाय विभागाचा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीला १९८१ चा राज्याचा कायदा लागू आहे आणि २०२१ मध्ये त्यात दंड वाढवले आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, आणि एलईडी दिवे लावून मासे पकडायला केंद्राने २०१७ पासून मनाई केली आहे. हे सगळं पाठ असू दे, पण त्या भांडणात नगरसेविका म्हणून स्वतः निवाडा करायला जाऊ नकोस. रापणवाले, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, तेही तुझे मतदार आणि मशीनच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणारी पोरंही तुझेच मतदार. मच्छीमार सोसायटीच्या लोकांना घेऊन परवाना अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत जा, निवेदनावर सही कर, तारीख घाल. तिथून पुढचं काम त्या खात्याचं.

तू म्हणशील, मग लोकांना काय सांगू, ‘हे माझं काम नाही’? असं तोंडातून काढायचंच नाही. ज्याच्या घरात भरतीचं पाणी शिरलं त्याला खात्यांची नावं नको असतात. आम्हीही हेच केलं. आमच्या गावातून जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा होता, पण त्यातल्या खड्ड्यात पडलेला माणूस लंगडत माझ्याच दारात यायचा. मी एक जाड वही ठेवली होती. कोण आलं, काय म्हणाला, कोणत्या खात्याला पत्र गेलं आणि त्या पत्राचा आवक क्रमांक काय. हा आवक क्रमांक विसरू नकोस. पत्र दिलं आणि पोच घेतली नाही तर ते पत्र दिलंच नव्हतं असं समज. महिनाभराने लोक पुन्हा आले की वही उघडायची. माणूस रिकाम्या हाताने गेला तरी फसवलं म्हणून जात नाही.

बंधाऱ्याचंही तसंच. भरतीच्या वेळी फोटो काढ, किती घरं, कोणते सर्व्हे नंबर ते लिही, आणि सर्वसाधारण सभेत ठराव घे की पतन विभागाने पाहणी करून अंदाजपत्रक करावं. एकट्या नगरसेविकेचं पत्र आणि सभेचा ठराव यांच्या वजनात फरक आहे. ठरावाला सूचक तू हो, अनुमोदक म्हणून विरोधी पक्षातला शोध. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तो ठराव जसा झाला तसाच लिहिलाय का, हे बोट ठेवून वाच. कित्येक नगरसेवक नाश्त्याकडे बघत इतिवृत्ताला हात वर करतात, आणि मग वर्षभर ‘मी असं म्हणालो नव्हतो’ म्हणत फिरतात.

आता सीआरझेड. १९९१ मध्ये पहिली अधिसूचना आली, मग २०११ ची, आणि १८ जानेवारी २०१९ ची आता चालू आहे. गावात याच्यावर जो तो वकील असतो. तुला एवढं पुरे : नगरपरिषदेच्या हद्दीतला आधीपासून बांधलेला भाग बहुधा सीआरझेड-दोनमध्ये येतो. तिथे जुन्या रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला नवीन घर उभं करता येत नाही, गावाकडच्या बाजूला नियमात बसलं तर येतं. असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती अडत नाही. मोकळा, ग्रामीण स्वरूपाचा भाग असेल तर भरतीरेषेपासून दाट वस्तीत ५० मीटर आणि विरळ वस्तीत २०० मीटर मोकळं सोडावं लागतं. खाडीकाठाला वेगळं माप. त्यामुळे किनारा व्यवस्थापन आराखड्याचा तुमच्या गावाचा नकाशा मागवून घे आणि नगररचनेतल्या माणसाला शेजारी बसवून आपल्या वॉर्डातली घरं त्यावर ओळखून घे. काकांना तोंडी शब्द देऊ नकोस. ‘करून टाका, मी बघते’ हे वाक्य किनाऱ्यावरच्या नगरसेवकांनी फार वेळा उच्चारलंय आणि पुढे नोटीस मात्र त्या गरिबाच्या दारावर चिकटली.

आणि एक घरचंच विचारते, राग मानू नकोस. सासरचं होमस्टे आहे का? मागे दोन खोल्या वाढवल्यात का? परवानगी आहे का? नगरसेवकाने, त्याच्या नवऱ्याने-बायकोने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याने बेकायदा बांधकाम केलं तर कायद्याने पद जाऊ शकतं. पालिकेच्या ठेक्यात हिस्सा असला तरी जातं. तुझ्याविरुद्ध पडलेला उमेदवार आजच मागच्या खोल्यांचे फोटो काढून बसला असेल, एवढं धरून चाल.

जे खरोखर तुझ्या हातात आहे त्याकडे ये. पाणी, मैला, कचरा, दिवाबत्ती, किनाऱ्यावरची स्वच्छतागृहं आणि जीवरक्षक.

पाण्याचं मला तुमच्याकडचं नवल वाटतं. आपल्या जळगावात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तुमच्याकडे तीन हजारांच्या घरात, आणि एप्रिल-मे मध्ये टँकर दोन्हीकडे! जांभ्या दगडात पाणी थांबत नाही. समुद्रालगतच्या विहिरीत तर गोड पाणी थोडंच असतं. मे महिन्यात होमस्टेवाले मोटारी लावून ते उपसतात की खालून खारं पाणी सरकतं. एकाने उपसा केला की शेजारच्या तीन विहिरी मचूळ. त्यात भर संडासांची. पुळणीवरची रेतीची जमीन, शोषखड्डा आणि विहीर हाकेच्या अंतरावर, आणि चार माणसांसाठी बांधलेल्या टाकीवर सुट्टीत पंचवीस पाहुणे. हे डोळ्यांना दिसत नाही म्हणून कोणी निवेदन घेऊन येणार नाही. तुलाच उठावं लागेल. वॉर्डातल्या किती सेप्टिक टाक्या शेवटच्या कधी उपसल्या, याची यादी आरोग्य विभागाकडून माग. यादी नसेल, तर करायला लाव. मैला गाडी भरून कुठे रिकामी होते ते एकदा गाडीमागे जाऊन बघ. विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि सुट्टीच्या हंगामानंतर तपासायला पाठव. पैसे नाहीत म्हणतील तेव्हा विचार, २०२१ ते २०२६ या काळात पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, त्यातले किती खर्च झाले आणि किती शिल्लक आहेत? लेखापाल चष्मा पुसायला लागला तर समजायचं, शिल्लक आहेत.

जीवरक्षकांचं हसण्यावारी नेऊ देऊ नकोस. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. आपल्याकडची पोरं तापीत, पाटात पोहायला शिकतात आणि त्यांना वाटतं आपल्याला पाणी येतं. ओहोटीची ओढ त्यांना ठाऊकच नसते. बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमायचं काम नगरपरिषदेवर किंवा ग्रामपंचायतीवरच येतं. मग होतं असं, की कंत्राट मार्चमध्ये संपतं आणि नवीन निविदा जूनमध्ये निघते, म्हणजे मे महिन्याची भर गर्दी बिनमाणसाची. अंदाजपत्रकाच्या सभेतच हा विषय धर. बाराही महिन्यांचा पगार, शिट्टी, दोर, फ्लोट, उभं राहायला मचाण, आणि भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला फलक. मराठीत, हिंदीत आणि मोठ्या अक्षरांत. जमलं तर फलकावर एक ओळ अहिराणीतही लिही, आमच्या लोकांसाठी!

कचऱ्यासाठी लांब कुठे अभ्यासदौरा काढू नका. वेंगुर्ल्याला जा. छोटी नगरपरिषद, पण घरातूनच कचरा वेगवेगळा घेतात, ओल्याचा गॅस करतात, प्लास्टिकचे तुकडे डांबरात घालून रस्ते केलेत. लोक कचरा डेपो बघायला तिकीट काढून जावेत अशी जागा केलीय त्यांनी. मुख्याधिकारी एकटा हे करू शकत नाही, घंटागाडीवरच्या बायांशी बोलून ये.

वादळाचं शेवटचं. ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते, दोन्ही वेळा पंचनामे तलाठ्याने केले. पण कोणाचं छप्पर पत्र्याचं, कोण म्हातारी एकटी राहते, कोणाच्या घरी ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, हे तलाठ्याला कुठून माहीत? ती यादी मे सुरू होण्याआधी तुझ्या वहीत असू दे. झाड कापायचं मशीन कोणाकडे आहे आणि त्याला पेट्रोल कोण देणार, हेसुद्धा. आमच्याकडे वादळ येतं ते केळी आडवी करतं, तुमच्याकडे माड घरावर पडतो.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत आम्ही शहाद्याहून दोन गाड्या करून कोकणात गेलो. एका गावात शिरताना स्वच्छता कर, मग पार्किंग, मग संडासाचे वेगळे पैसे. आम्ही काय रोज येतो का? पर्यटनाने गावाची भरभराट होते तर वरून कर कशाला?

भाऊ, पावती मिळाली होती का? मिळाली असेल आणि त्यावर नगरपरिषदेचं किंवा ग्रामपंचायतीचं नाव, क्रमांक असेल तर मी त्या गावाच्या बाजूने आहे. पावती नसेल तर तुमच्या बाजूने.

तुम्ही शहाद्याचे, म्हणजे सारंगखेड्याची यात्रा बघितलेली आहे. दत्तजयंतीला घोडे येतात, लाखो माणूस येतो, आणि यात्रा उठली की लीद, पत्रावळ्या, पाण्याचे पाऊच तिथेच राहतात. गाव छोटं, झाडणारी माणसं मोजकी. किनाऱ्यावरच्या गावात ही यात्रा दर शनिवारी-रविवारी भरते. त्या नगरपरिषदेला वरून मिळणारं अनुदान मात्र गावच्या लोकसंख्येवर ठरतं, आणि ती लोकसंख्या अजून २०११ च्या जनगणनेतली धरतात. तुमच्या दोन गाड्यांतली माणसं त्या हिशेबात कुठेच नसतात, पण तुमचं जेवण, बाटल्या आणि संडास त्याच गावाच्या गटारात जातात. हॉटेलवाल्याची भरभराट झाली म्हणून पालिकेच्या तिजोरीत आपोआप काही पडत नाही, घरपट्टी बऱ्याच ठिकाणी राहत्या घराच्याच दराने चालू असते. त्यावर मात्र तिथल्या नगरसेवकांना धारेवर धरायला हरकत नाही : होमस्टेला व्यापारी दर लावायची वेळ आली की सभेत सगळे एकमेकांकडे बघतात.

पुढच्या वेळी एक करा. पैसे घेणाऱ्या पोराला विचारा की संडासात पाणी आहे का. नसेल तर पावतीचा फोटो काढून मुख्याधिकाऱ्यांना पाठवा. पर्यटकाची लेखी तक्रार क्वचित येते, त्यामुळे तिची फाईल होते.

प्रश्न : माझी मंडळी नगरसेविका आहेत. त्या घरकामात असतात, त्यामुळे वॉर्डाचं मीच बघतो. परवा सभेत बसलो तर एका सदस्याने हरकत घेतली. पती म्हणून मला बसता येतं ना?

नाही.

सभागृहात निवडून आलेले, नियमाने नामनिर्देशित झालेले आणि अधिकारी बसतात. प्रेक्षकांसाठी जागा असेल तर तिथे गुपचूप बसा. वॉर्डात फिरायला, टँकर लावायला, लोकांचे फोन घ्यायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही, करा की मदत. पण सहीच्या जागी त्यांची सही आणि बोलायच्या जागी त्यांचा आवाज. राज्यात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्या नवऱ्यांना बसायला काढलेल्या नाहीत. सभेच्या दिवशी पोळ्या तुम्ही लाटा. एवढा वेळ घरात मोकळा झाला की वहिनी विषयपत्रिका वाचतील, आणि मला खात्री आहे, तुमच्यापेक्षा नीट वाचतील.

माझ्याही पहिल्या सभेत एक सदस्य माझ्याकडे न बघता माझ्या मालकांची चौकशी करत होते. मी विषय क्रमांक नऊवरची निविदा किती टक्के जादा दराची आहे, ते विचारलं. त्यानंतर त्यांनी मालकांची चौकशी केली नाही.

प्रश्न : मी आठवडे बाजारात सुकट, बोंबील, जवळा विकते. माल मुंबईहून, कधी कोकणातून येतो. बाजार वसुलीचा ठेकेदार आमच्याकडून भाजीवाल्यांपेक्षा जास्त घेतो, पावती देत नाही, म्हणतो ‘तुमच्या मालाचा वास येतो, कोपऱ्यात बसा’. पावसात तिथे चिखल असतो. नगरसेवक म्हणतात, ठेका दिला, आता आमच्या हातात नाही.

माय, नगरसेवकाने तुला अर्धंच सांगितलं. ठेका दिला तरी दर ठेकेदार ठरवत नाही. बसण्याच्या जागेला किती पैसे घ्यायचे, हे पालिकेच्या सभेत ठरावाने ठरतं आणि लिलावाच्या अटींत ते लिहिलेलं असतं. दराचा फलक बाजारात लावणं ही बहुतेक त्याच अटींतली एक अट असते. म्हणून पहिलं काम : पालिकेच्या बाजार विभागात साध्या कागदावर अर्ज दे, ‘बाजार फी वसुलीच्या ठेक्याच्या अटी-शर्ती आणि मंजूर दरांची नक्कल मिळावी.’ नाही म्हणाले तर माहिती अधिकारात अर्ज दे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर त्या अर्जाला फी पडत नाही. लिहिता येत नसेल तर कोणत्याही दहावीच्या पोराकडून लिहून घे, अंगठा चालतो.

दुसरं, २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. पालिकेने विक्रेत्यांचं सर्वेक्षण करून ओळखपत्र आणि विक्रीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. तुझं नाव सर्वेक्षणात आहे का ते बघ. नसेल तर तुझ्याबरोबर बसणाऱ्या सगळ्या बायांनी मिळून अर्ज करा. एकीने केला तर तिला पुढच्या बाजारी आणखी कोपऱ्यात ढकलतील. त्या प्रमाणपत्रावर पंतप्रधान स्वनिधीचं कर्जही मिळतं. शहर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात, त्यातही एक तृतीयांश बाया. तुमच्या पालिकेत ही समिती कागदावर असेल, तर तिची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा.

वासाचं म्हणशील तर सुक्या मासळीला वेगळी जागा देणं चुकीचं नाही, तुलाही ते सोयीचं पडतं, गिऱ्हाईक शोधत येतं. पण त्या जागेवर फरशी, उतार, पाण्याचा नळ आणि डोक्यावर पत्रा पालिकेने द्यावा. कोकणात मासळी बाजाराला ओटे बांधून देतात, आपल्याकडे का नाही? हा विषय अंदाजपत्रकाच्या सभेआधी, म्हणजे जानेवारीतच, तुमच्या नगरसेवकाला लेखी द्या आणि पोच घ्या. पावती न देता जास्त पैसे मागितले तर त्या दिवसाची तारीख, रक्कम आणि शेजारच्या दोघींची नावं लिहून ठेवा. चार-पाच बाजारांची अशी नोंद मुख्याधिकाऱ्यांकडे दिली की ठेकेदाराच्या अनामत रकमेचा विषय निघतो, आणि अनामत म्हटलं की तो पावती पुस्तक शोधायला लागेल.